मस्कतचा लाल काटा

माझ्या हातून प्रसाद घेतानासुद्धा पनवेलचे लोक आधी त्याचा वास घेतात. याला कारण एका होळीचे पेढे. त्यांत मिरचीपूड होती हे खरं, पण ते पेढे होळीचे होते, देवाचे नव्हते. लोक एवढा बारकावा लक्षात ठेवत नाहीत. नंतर कधीतरी मी नगरपालिकेच्या फळ्यावर 'वडाळे तळ्यात मगर दिसल्यास कळवावे' एवढंच लिहिलं होतं. मगर आहे असं मी कुठे म्हटलं? पण आठवडाभर तळ्याकाठी म्हशी धुवायला कुणी फिरकलं नाही, आणि म्हशींचे मालक मात्र माझ्या दारात येऊन उभे राहिले.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची गोष्ट खरी आहे, आणि ती खरी आहे हेच तिचं दुखणं आहे.

त्र्याण्णव साली भाद्रपद अधिक आला. गणपती पुढे गेले आणि मध्ये धोंड्याचा महिना येऊन बसला. आमच्या दीपाचं लग्न आदल्याच हिवाळ्यात झालेलं, म्हणजे जावयाचा हा पहिला धोंडा. जावई अवधूत मस्कतला, एअरकंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनीयर. दोघं रजा काढून येणार होते. तेहतीस अनारसे, त्यावर दिवा आणि सोबत जावयाला काहीतरी घसघशीत, असं वाण द्यायचं होतं.

"अहो, एक सांगते," रमा तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "या वाणात चावटपणा नको. लग्नात केलात तेवढा पुरे."

लग्नात मी फार काही केलं नव्हतं. कान पिळायला मेव्हणा लागतो. दीपाला भाऊ नाही. तेव्हा मी फेटा बांधला, नाटकवाल्यांकडची एक मिशी लावली आणि स्वतःच मेव्हणा म्हणून उभा राहिलो. होमाच्या धुरात अवधूतला काही कळलं नाही. त्यानं कान पिळून घेतला, मला कापड दिलं, वर वाकून नमस्कार केला. विहीणबाईंना मात्र कळलं. त्या अजून माझ्याशी बोलताना माझ्या मिशीकडे बघतात. मला मिशी नाही.

"खरंखुरं द्या काहीतरी," रमा म्हणाली. "माणूस तिकडे एकटा माझी पोरगी सांभाळतोय."

खरंखुरं म्हणजे काय द्यायचं याचा मी विचार करत होतो, तेव्हा उत्तर माझ्याच घरात बोटं मोजत बसलं होतं. आमच्याकडे फोन नव्हता. खाली परेशभाईंचं किराण्याचं दुकान, तिथे दीपाचा फोन यायचा. आपल्याकडून करायचा तर उरण नाक्यावरच्या बूथवर. तिथे जाण्याआधी रमा बोटांवर मस्कतची वेळ काढायची. मागे घ्यायचं की पुढे, यात तिचा दर वेळी गोंधळ. एकदा तिनं हिशेब उलटा केला आणि पोरीला भल्या पहाटे उठवलं. दीपा घाबरून म्हणाली, "आई, बाबांना काय झालं?" रमा म्हणाली, "काही नाही, कैरीचं लोणचं पोचलं का?" त्यानंतर तिनं फोन करणंच कमी केलं. "झोपली असेल," म्हणायची. दुपारी चार वाजतासुद्धा म्हणायची.

तेव्हा मी ठरवलं. अवधूतला दोन देशांची वेळ दाखवणारं घड्याळ द्यायचं. तिथली आणि इथली, एकाच मनगटावर. स्विस, भारी, नाव घेतलं की माणूस कॉलर नीट करेल असं.

परेशभाईंना सांगितलं, तर ते तागडी हातात धरूनच हसले. "सबनीसभाई, नवा घ्याल तर ह्या बिल्डिंगमधला एक फ्लॅट जाएल. कोनता ते तुमी ठरवा."

त्यांच्या हेतलबेन गल्ल्यावरून म्हणाल्या, "जुना घ्या ने. मानूस जुना असला तर चालतो, घड्याळ का नाय चालनार?" आणि परेशभाईंकडे बघितलं. परेशभाईंनी साखरेची पुडी बांधायला घेतली.

माझ्या डोक्यात तुळशीराम आला. तुळशीराम घरत, कोन गावचा. मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर, आणि आमच्याकडे त्याचे ट्रक लागलेले. जमिनीचे पैसे आले तेव्हा त्यानं चार ट्रक घेतले, घराला वर मजला चढवला, आणि त्या मजल्यावर बंदराच्या कामावरचा एक गोरा इंजिनीयर भाडेकरू ठेवला. गोरा जाताना तुळशीरामनं त्याच्या हातातलं घड्याळ विकत घेतलं. ते घातल्यापासून तो हात जरा लांब धरून चालायचा.

कोनला गेलो. तुळशीराम पडवीत बसला होता. विषय काढला तसं त्यानं घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं. चांगलं पावशेराचं वाटलं. नेहमीचे तीन काटे आणि वर एक चौथा, लाल, टोकाला बाण.

"ह्यो लाल काटा गोऱ्याच्या गावचा टाइम दावतंय," तुळशीराम म्हणाला. "सायेब, मला सांगा, मी त्या गावी कंदी जायचो? ट्रक कळंबोलीला कवा पोचला त्येच मला कलत नाय, न गोऱ्याची बायको कवा उठली त्यो टाइम माझ्या हातावर."

आतून त्याची बायको हौसा म्हणाली, "कुनाची बायको कवा उठते त्ये बगाया लई आवडायचं तुमाला."

"विकायचा हाय तो," तुळशीराम घाईनं म्हणाला.

किंमत सांगत नाही. रमा हे वाचणार आहे. एवढंच सांगतो की मी स्कूटर घ्यायचा बेत पुढच्या पिढीवर ढकलला. आणि मी काही असातसा गिऱ्हाईक नाही. लोकांना इतकी वर्षं फसवलंय, तेव्हा फसवतात कसं हे मला चांगलं ठाऊक. घड्याळ आधी थेट फोर्टात, एका म्हाताऱ्या पारशी घड्याळवाल्याकडे नेलं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत नुसतं बघत राहिला, देवळात बघतात तसं. मग म्हणाला, "असल छे. संभालजो."

"तसं लिहून द्याल का?" मी विचारलं.

"हूं घड्याळवालो, मामलतदार नथी," तो म्हणाला.

झालं. माझ्या हातात खरं घड्याळ आलं, पण ते खरं आहे हे सांगायला माझ्या तोंडाशिवाय काही नव्हतं. आणि माझं तोंड पनवेलमध्ये चालत नाही.

पहिल्यांदा परेशभाईंना दाखवलं. त्यांनी घड्याळाला हात न लावता खालून, वरून, बाजूनं बघितलं आणि विचारलं, "करंट लागते काय?" लाईन आळीत रशीदचाचा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्याकडे पट्ट्याची एक कडी काढून घ्यायला गेलो. त्यांनी ते कापडात धरलं, चेहऱ्यापासून लांब, आणि म्हणाले, "सबनीससाब, बता दो. पानी किधर से निकलेगा?" मी शपथ घेतली. त्यांनी घड्याळ परत ठेवलं. "पिछली बार भी आपने कसम खाई थी." मागच्या वेळी मी त्यांच्या दुकानाच्या वेळेत शहरातली ओळखीची सगळी माणसं 'किती वाजले?' विचारायला पाठवली होती. पण ते निराळं.

मग परेशभाईंनी नवीन शंका काढली. जावई हे घालून विमानतळावर गेला आणि कस्टमवाल्यांनी विचारलं, हे कुठून आणलं, तर? काहीतरी कागद पाहिजे. तेव्हा मी तुळशीरामला घेऊन तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या नोटरी वकिलांकडे गेलो. स्टॅम्पपेपर घेतला. वकिलांनी टायपिस्टला मजकूर सांगायला सुरुवात केली. "सदरहू जुने मनगटी घड्याळ, पोलादी, काटे तीन..."

"चार," मी म्हटलं.

वकील थांबले. "सबनीस, घड्याळाला तीन काटे असतात."

"याला चार आहेत."

"चौथा कशाचा?"

"मस्कतचा."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. "मागच्या शिमग्याला तुम्ही माझ्याकडून 'गाढव हरवले आहे' असं प्रतिज्ञापत्र करून नेलंत. घरी जाऊन वाचलं, तर गाढवाच्या नावाच्या जागी माझं नाव. आता मी चार काट्यांच्या घड्याळावर सही करून मोकळा होऊ?"

"इमानानं सांगतो वकीलसायेब, घड्याल माझाच व्हता," तुळशीराम म्हणाला.

वकिलांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "याला किती दिलेत?" त्यांनी मला विचारलं.

कोरा स्टॅम्पपेपर घेऊन मी घरी आलो. घड्याळ रुमालात गुंडाळून रमाच्या शालूखाली, लॉकरमध्ये ठेवून दिलं. जावई यायला वेळ होता. दोन दिवसांनी काढून पाहिलं तर बंद. तिन्ही काटे गप्प, चौथाही गप्प. तसाच कोनला पळालो. एवढी माणसं मी गंडवली, आणि एका ट्रकवाल्यानं मला गंडवलं, हे कुणाला कळलं तर मी पनवेलमध्ये राहू कसा?

तुळशीराम शांतपणे जेवत होता. "हातात घातला नाय ना?"

"नाही. लॉकरमध्ये होतं."

"मंग थांबल नाय तर काय. त्यो चावीवर नाय चालत, मानसावर चालतंय. हात हालला का चालतो. म्हनून तर इकला. मी दुपारचा झोपलो का त्योबी झोपतंय. ह्याला हालवाया गडी ठेवू का काय?"

आता मी ते घालून फिरलो तर जावयाचं घड्याळ सासरा वापरतो, असं गावभर होणार. शिवाय मी स्टोअरकीपर. माझा हात दिवसभरात चहाचा कप तेवढा उचलतो, तोही दुसऱ्यानं आणलेला. घड्याळ माझ्या हातावर उपाशी मेलं असतं.

घरी रमा अनारशाचे तांदूळ कुटत होती. तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत वाळवून झालेले. मिक्सरचं पीठ तिला चालत नाही, खलबत्ताच लागतो. तिचा उजवा हात वरखाली, वरखाली चाललेला बघितला आणि मला सुचलं. बांगड्या वर सारून मी घड्याळ तिच्या मनगटात चढवलं.

"अहो, हे काय?"

"कुटत राहा."

पाच मिनिटांत घड्याळ टिकटिकायला लागलं. त्या दिवसापासून घड्याळाचा मुक्काम रमाच्या हातात. घरात असताना घालायचं, दाराची कडी वाजली की पिठाच्या डब्यात टाकायचं. मी तिला लाल काटा कसा सरकवायचा ते शिकवलं. अंकांवर बोट ठेवून दाखवलं की हा इथला टाइम, हा दीपाचा. आणि तिथे दुसरं संकट निघालं. मस्कत आपल्या दीड तास मागे. काटा मात्र पूर्ण तासानं सरकणार. एक मागे, नाहीतर दोन. स्वित्झर्लंडच्या लोकांनी सगळ्या जगाचा विचार केला होता, आपल्या देशाच्या अर्ध्या तासाचा केला नव्हता. मी घड्याळ हातात घेऊन बसलो. एवढं सगळं करून जावयाला चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ द्यायचं?

"दोन तास मागे लावा," रमा म्हणाली.

"मग ते अर्धा तास मागे राहतं."

"मग बरोबरच आहे की. दीपा कुठलंही काम घड्याळापेक्षा अर्धा तास उशिराच करते."

तसं लावून दिलं. त्यानंतर घरात एक नवीन आवाज सुरू झाला. रमा कुटता कुटता हात थांबवायची, मनगट उजेडाकडे करायची आणि म्हणायची, "आत्ता दूध तापवत असेल." थोड्या वेळानं, "आता अवधूत निघाला असेल." एकदा तिनं चक्क बूथवर जाऊन फोन केला, बोटं न मोजता. परत आली तेव्हा पिशवीत भाजी नव्हती. भाजी आणायला म्हणून गेली होती हे तिला जिन्यात आठवलं. मी बघत होतो, पण घड्याळ अवधूतचं होतं. ठरलं ते ठरलं.

दीपा-अवधूत आले. वाणाच्या दिवशी आमच्या हॉलमध्ये पाट, भोवती रांगोळी, पितळेच्या ताटात तेहतीस अनारसे, खसखस वर केलेले, त्यावर दिवा. परेशभाई-हेतलबेन आले, रशीदचाचा आले, तुळशीराम शेतातल्या काकड्यांची टोपली घेऊन आला. लोक अनारशांसाठी आले नव्हते हे मला माहीत होतं. सबनीस जावयाला काय देतो ते बघायला आले होते. मला मात्र एकच हवं होतं. आयुष्यात एकदा माझ्या हातून कुणीतरी काहीतरी सरळ घ्यावं, आणि तो जावई असावा.

रमानं औक्षण केलं. मध्येच हेतलबेननी विचारलं, "काकी, मुहूर्त किती वाजेपर्यंत?" रमानं ताट एका हातावर तोललं, उजव्या हातानं बांगड्या वर झटकल्या आणि रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. क्षणभरच. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगितलं. मी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. बाकी कुणी पाहिलं नाही असं मला वाटलं.

मी डबी पुढे केली.

"अवधूत, तोंड लांब ठेव," दीपा मागून म्हणाली.

अवधूतनं पोळपाटाजवळचं लाटणं मागवलं आणि लाटण्याच्या टोकानं झाकण उघडलं. रशीदचाचा दोन पावलं मागे सरकले. काहीच उडालं नाही, फुटलं नाही. त्यामुळे लोकांना जास्तच संशय आला.

"घाल ना," मी म्हटलं. "स्विस आहे. खरं आहे."

हॉलमध्ये असा हशा झाला की दिवा विझायला आला.

"खरा हाय," तुळशीराम उभा राहिला. "माझाच व्हता त्यो. गोऱ्यानं दिला."

"वा," परेशभाई म्हणाले. "ह्या वेळी कोनहून मानूस पन आणला."

तुळशीरामचे कान लाल झाले. तो जितका इमानाची शपथ घेई, तितके लोक टाळ्या देत. मी आजवर मगरी विकल्या, मिशा विकल्या, आणि माझ्या पदरचं एक खरं घड्याळ मला फुकट देता येईना.

अवधूतनं ते हातात घेतलं. वजन बघितलं, कानाला लावलं, काच उजेडात तिरकी धरली. मग हसून म्हणाला, "मस्त जमवलंय, बाबा. अगदी खऱ्यासारखं. पण मी हे घालून ऑफिसला गेलो तर तिथले लोक हसतील. आई, हात बघू."

आणि त्यानं ते रमाच्या उजव्या हातात घातलं.

मी तोंड उघडलं. खरं सांगायला उघडलं होतं. पारशी, भिंग, 'असल छे', सगळं ओठावर आलं. तेवढ्यात रमानं मनगट उजेडाकडे केलं. लाल काटा दोन तास मागे होता. तिनं दीपाकडे पाहिलं, हळूच चावी ओढली आणि लाल काटा आपल्या वेळेवर आणून ठेवला. पोरगी घरीच होती ना.

"ओळखलंस, अवधूत," मी म्हटलं. "कल्याणच्या फूटपाथवरचं आहे."

टाळ्या. रशीदचाचा म्हणाले, "हमने तो पहले दिन ही बोला था." तुळशीराम भडकून काही बोलणार, तेवढ्यात मी अख्खा अनारसा त्याच्या तोंडात कोंबला.

"म्हणजे मला काहीच नाही?" अवधूत पाटावरून म्हणाला. "मग मी रुसलो."

जावई रुसला की द्यावं लागतं, आणि धोंड्यात तर हमखास. "काय पाहिजे?" मी विचारलं. मनात म्हटलं, गेली आता रमाची पाटली.

त्यानं माझ्या मनगटाकडे बोट केलं. माझं जुनं चावीचं घड्याळ. बापानं मॅट्रिकला दिलेलं, काच चरे पडलेली, पट्टा तिसरा का चौथा.

"अरे, ते दहा मिनिटं पुढे असतं."

"चालेल. दीपा नेहमी मागे, हे पुढे. दोघांचा मेळ बसेल."

तेव्हापासून पनवेलच्या भाजीबाजारात जे घड्याळ भेंडी निवडतं, त्याच्या किमतीत तिथली दोन दुकानं यावीत. "कल्याणचा का, ताई? छान चमकतोय," भाजीवाल्या म्हणतात. रमा "हो ना" म्हणते आणि कोथिंबिरीवर भांडते. मी पिशवी धरून मागे उभा असतो. इतकी वर्षं मी लोकांना खोटं खरं म्हणून विकलं, पण खरं खोटं म्हणून विकण्यात जी मजा आहे ती कशातच नाही. रोज नव्यानं अख्खं गाव फसतं, आणि कुणी माझ्या दारात येत नाही.

एवढ्या खुशीत मी होतो, रजा संपून दोघं निघाली तोपर्यंत. टॅक्सी खाली उभी. दीपा आईच्या गळ्यात. अवधूत माझ्या पाया पडायला वाकला आणि उठताना कानाशी आला. लग्नात मी पिळलेला तोच कान त्यानं चोळला.

"बाबा, दर चार वर्षांनी तेलपाणी करून घ्या त्याचं," तो म्हणाला. "फोर्टातच न्या. लाईन आळीत कुणी विश्वास ठेवणार नाही."

आणि तो जाऊन टॅक्सीत बसला. काचेतून त्यानं हात हलवला. हातात माझं घड्याळ.

टॅक्सी उरण नाक्याकडे वळली. मी तिथेच, फुटपाथवर. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी इतकं स्वच्छ फसवलं होतं, आणि तेही माझ्याच अनारशांवर.

"काय म्हणाला हो तो?" रमानं डोळे पुसत विचारलं.

"काही नाही. घड्याळ डुप्लिकेट आहे म्हणाला."

"हो का," ती म्हणाली. बांगड्या वर सारल्या, चावी ओढली आणि लाल काटा दोन तास मागे नेऊन ठेवला.